पहिले वीस किलोमीटर

कारखान्यातून येणारी मोटरसायकल ग्राहकाच्या हातात पडते त्याआधीच कोणीतरी ती चालवलेली असते. जोडणी संपली की गाडी रोलरवर चढवतात, इंजिन सुरू करतात, सगळे गिअर टाकून बघतात, ब्रेक दाबतात, आणि हेच ज्याचं काम आहे असा माणूस हात पुसून कागदावर सही करतो. ग्राहकाला हा माणूस कधी दिसत नाही. शोरूममधली गाडी मात्र त्याच्या भरवशावर आपण डोळे झाकून घरी आणतो.

रिस्टोअर केलेल्या जुन्या गाडीला असा माणूस नसतो. इंजिन एका मिस्त्रीने बांधलेलं, बोअर दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये झालेला, रंग तिसरीकडे, क्रोम चौथीकडे, चाकं पाचव्याने विणलेली. प्रत्येक जण आपापल्या कामाची खात्री देतो आणि ती बहुधा खरीही असते. हे सगळं एकत्र धावेल का, याची खात्री मात्र कोणीच देत नाही, कारण ते अजून एकत्र धावलेलंच नसतं. म्हणून पहिली किक मारणारा माणूस हौशी मालक असला तरी त्या दिवसापुरती त्याची नोकरी टेस्टरची. रिस्टोरेशनचा शेवटचा भाग गॅरेजात होतच नाही, तो रस्त्यावर होतो, आणि तो धांदलीत उरकला तर आधीच्या कित्येक महिन्यांचं काम वाया जाऊ शकतं.

उदाहरण म्हणून जुनी ३५० बुलेट घेऊ. एक तर आपल्याकडे रिस्टोअर होणाऱ्या गाड्यांत ती सहज सापडते. कुठल्या तरी वाड्याच्या पडवीत, पोत्यांखाली, आजोबांच्या नावाच्या आरसी बुकासह. दुसरं, तिचा इतिहासच पहिल्या फेरीत आडवा येतो. रॉयल एनफिल्ड ही इंग्लंडातल्या रेडिच गावची कंपनी. आपल्या लष्कराला तिची बुलेट हवी होती, म्हणून १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना आला. पुढे रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, १९७० च्या सुमाराला मूळ इंग्लिश कंपनीच संपली, पण मद्रासला तेच इंजिन थोड्याफार फेरफारांनी नव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत निघत राहिलं. ७० मिलिमीटरचा बोअर, ९० मिलिमीटरचा स्ट्रोक, ३४६ सीसी. परिणाम असा की साठच्या दशकातल्या गाडीत नव्वदच्या दशकातला भाग बिनतक्रार बसतो. बसतो, पण त्याचं माप कोणत्या वर्षाचं, ते रस्त्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

पहिल्या फेरीचा सगळ्यात मोठा शत्रू मुहूर्त. गाडी दसऱ्याला बाहेर काढायची असं एकदा घरात ठरलं की शेवटच्या आठवड्यात कामं होत नाहीत, उरकली जातात. ब्रेकची केबल ‘तात्पुरती’ लागते, स्पीडोमीटर ‘नंतर बघू’ होतो, चेनगार्डचा एक बोल्ट मिळत नाही म्हणून तारेने बांधतात. पूजा जरूर करावी, हार घालावा, लिंबू-मिरची बांधावी, नारळ फोडावा; पण गाडी ढकलत दारात आणून पूजा केली तर देव रागावत नाही. पहिली फेरी पुढच्या कुठल्याही साध्या दिवशी, सकाळी लवकर, शक्यतो प्रेक्षक नसताना मारावी. प्रेक्षक असले की माणूस रेस देतो.

आता तेल. या इंजिनाची तेलाची टाकी वेगळी नाही, इंजिनाच्या केसमध्येच मागच्या अंगाला ती घडवलेली आहे. तिथून एक पंप तेल उचलून क्रँककडे देतो आणि दुसरा पंप खाली साचलेलं तेल परत टाकीत पाठवतो. नव्याने बांधलेल्या इंजिनात हे सगळे मार्ग कोरडे असतात. शिवाय क्रँकचा मोठा बेअरिंग, ज्याला मिस्त्री लोक बिग एंड म्हणतात, तो या इंजिनात रोलरचा नसून तरंगत्या बुशचा आहे. रोलर थोडा वेळ कमी तेलात भागवून घेतो, बुशला ते जमत नाही. म्हणून प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, हळूहळू भरपूर किका मारायच्या आणि तेल फिरू द्यायचं. ते फिरतंय का, हे बघायला एक सोपी जागा आहे. वर रॉकरकडे जाणाऱ्या बारीक नळीचा बोल्ट थोडा सैल करायचा. इंजिन सुरू झाल्यावर तिथून तेल पाझरलं पाहिजे. मिनिटभरात पाझरलं नाही तर इंजिन बंद. ‘येईल हळूहळू’ म्हणून चालत राहणाऱ्या इंजिनाचा बुश अशाच वेळी जातो.

रंगाचीही एक गंमत आहे. फ्रेमवर हल्ली पावडर कोटिंग करतात. दिसायला छान, टिकायलाही छान, पण तो थर विजेला अडवतो. जुन्या गाडीत बॅटरीची एक बाजू फ्रेमला जोडलेली असते आणि दिवे, हॉर्न, इग्निशन कॉइल सगळे परतीच्या वाटेसाठी त्या फ्रेमवरच अवलंबून असतात. अर्थिंगच्या बोल्टाखालचा रंग खरवडला नसेल, तर गॅरेजात कशीबशी सुरू होणारी गाडी रस्त्यावर हादरे बसताच मिस मारायला लागते. मालक कार्ब्युरेटर उघडतो, पॉइंट घासतो, कंडेन्सर बदलतो. दोष असतो तो रुपयाएवढ्या जागेत न खरवडलेल्या रंगाचा. पेट्रोलच्या झाकणाचंही तसंच. त्याला हवेसाठी बारीक भोक असतं, आणि नव्याने क्रोम केलेल्या झाकणात ते कधीकधी बुजलेलं असतं. मग गाडी तीन-चार किलोमीटर उत्तम चालते, नंतर गुदमरत बंद पडते, पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होते. अशा वेळी झाकण उघडून कान द्यावा. हवा आत शिरल्याचा ‘फुस्स’ आवाज आला तर रोग सापडला.

पेट्रोलबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ही अडचण आपल्या आजोबांना नव्हती. २०२३ पासून आपल्याकडे टप्प्याटप्प्याने वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर आलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या पद्धतीचं रबर, पेट्रोल कॉकमधला बुचाचा वायसर, टाकीला आतून गंज लागू नये म्हणून लावलेली काही जुन्या जातीची लेपनं, यांना ते मानवत नाही; रबर फुगतं, लेप सुटून त्याचे पापुद्रे कार्ब्युरेटरमध्ये येतात. ही झाली दिसणारी बाजू. न दिसणारी बाजू अशी की एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला फक्त नऊ किलोच्या आसपास. म्हणजे वीस टक्के मिश्रण असलं की त्याच हवेला थोडं जास्त इंधन द्यायला हवं. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला सेन्सर आहे, ती स्वतःच माप बदलते. जुन्या कार्ब्युरेटरच्या जेटला असलं काही कळत नाही. त्याचं भोक ज्या काळात पाडलं त्या काळच्या पेट्रोलचं ते माप. मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं आणि पातळ मिश्रणावर इंजिन जास्त तापतं. पूर्ण चाललेल्या, सैल झालेल्या इंजिनाला हे कदाचित खपेल. नुकताच बोअर केलेल्या इंजिनाला तापणं हाच खरा धोका आहे. म्हणून पहिल्या फेरीआधी एक नंबर मोठा जेट टाकावा, किंवा निदान निडल एक खाच वर घ्यावी, असं माझं मत आहे. थोडा काळा प्लग परवडतो.

तापण्याचा हिशोब एकदा आकड्यांत करून बघण्यासारखा आहे. पिस्टन अ‍ॅल्युमिनिअमचा, ब्लॉक बिडाचा. दर अंश तापमानाला अ‍ॅल्युमिनिअम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. ७० मिलिमीटरचा पिस्टन शंभर अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे ०.१६ मिलिमीटरने वाढतो. तेवढ्याच तापलेल्या बिडाच्या ब्लॉकचा बोअर जेमतेम ०.०८ मिलिमीटरने. म्हणजे दोघं सारखे तापले तरी मधली फट ०.०८ मिलिमीटरने, आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढी, कमी होते. आणि ते सारखे तापत नाहीतच. पिस्टनच्या डोक्यावर जळता वायू असतो, तर ब्लॉकच्या पंख्यांना बाहेरची हवा लागते, त्यामुळे पिस्टन नेहमीच ब्लॉकच्या पुढे पळत असतो. बोअर करणारा कारागीर हे सगळं धरून फट ठेवतो. पण ती फट ‘स्थिर’ तापमानासाठी असते. थंड इंजिन सुरू करून लगेच जोरात पळवलं, तर पिस्टन तापून फुगतो आणि ब्लॉक अजून थंड, आकसलेला असतो. पिस्टन चिकटतो, मिस्त्री म्हणतात ‘जाम मारली’. म्हणून सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं मध्यम रेसवर ठेवून मग निघायचं. याच्या उलट टोकाची चूकही सर्रास होते. कौतुकाने गाडी स्टँडवर उभी करून, आल्या-गेल्या पाहुण्याला आवाज ऐकवत अर्धा तास चालू ठेवायची. हे हवेने थंड होणारं इंजिन आहे. वाराच लागत नसेल तर ते थंड होणार कशाने?

किक मारण्याची रीत आजच्या बटनवाल्या पिढीला कोणीतरी दाखवावी लागते. हँडलवर डावीकडे एक छोटा दांडा असतो, डीकॉम्प्रेसर. तो दाबला की हेडमधली एक लहानशी झडप उघडते आणि दाबलेली हवा निसटते. हेडलाइटच्या वर अँमीटर. चावी फिरवायची, किक हळूहळू खाली दाबत जायची. पॉइंट बंद असताना कॉइलमधून करंट जातो म्हणून अँमीटरचा काटा उण्याकडे झुकतो. पॉइंट उघडले की काटा मधोमध येतो. याच सुमाराला किक पायाला घट्ट लागते, पिस्टन दाबाच्या माथ्यावर आलेला असतो. आता डीकॉम्प्रेसर दाबून किक अगदी थोडी पुढे ढकलायची, दांडा सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचं वजन टाकून एक पूर्ण, बिनघाईची किक. पिस्टन माथ्याच्या पलीकडे असल्याने पुढच्या दाबापर्यंत क्रँकला वेग घ्यायला जवळजवळ दोन पूर्ण फेरे मिळतात. हे न करता नुसती ताकद लावणाऱ्याला किक उलटी मारते. टायमिंग जरा पुढे बांधलेलं असेल तर फारच वाईट. गुडघा आणि घोटा दोन्ही लक्षात ठेवतात. नव्याने टायमिंग लावलेल्या इंजिनाची पहिली किक चपलेत मारू नये, हे सांगायला नको, पण लोक मारतात.

सुरू झाली. आता पाय.

आजचा चालक गेल्या कैक वर्षांत डाव्या पायाने गिअर आणि उजव्या पायाने ब्रेक शिकलेला असतो. जुन्या बुलेटवर हे बरोबर उलटं आहे. गिअर उजवीकडे, मागचा ब्रेक डावीकडे. शिवाय गिअरचा क्रमही उलटा, पहिला वर आणि पुढचे तीन खाली. गिअर लिव्हरच्या मागे टाचेसाठी आणखी एक लहान लिव्हर असतो, न्यूट्रल फाइंडर. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधून क्लच दाबून तो टाचेने दाबला की गाडी थेट न्यूट्रलला येते. सिग्नलला मोठी सोय.

हे सगळं कागदावर पाच मिनिटांत पाठ होतं आणि सरळ रस्त्यावर दहा मिनिटांत जमतंही. धोका असतो तो जमल्यानंतर. समोर अचानक कुत्रं आलं की डोकं विचार करत नाही, पायच निर्णय घेतो, आणि पायाला वीस वर्षांची सवय असते. उजवा पाय जोरात दाबला जातो. बुलेटवर त्याने ब्रेक लागत नाही. उलट वरचा गिअर पडतो आणि गाडी मोकळी होऊन पुढे सरकते. मला विचाराल तर पहिल्या फेरीतला सगळ्यात मोठा धोका हाच आहे, इंजिन जाम होण्यापेक्षाही मोठा. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे रिकाम्या मैदानात सराव. सराव गिअर बदलण्याचा नव्हे, थांबण्याचा. वीसच्या वेगाने जायचं आणि कोणीतरी ‘थांब’ ओरडलं की थांबायचं. डावा पाय आपोआप जाईपर्यंत रस्त्यावर जायचं नाही. जिची रोजची गाडी स्कूटर आहे तिला हे उलट लवकर जमतं, कारण पायाने गिअर टाकायची सवय मोडावीच लागत नाही.

जावा-येझदीवाल्यांची कहाणी निराळी. फारुख इराणींनी १९६० मध्ये म्हैसूरला स्थापन केलेल्या आयडियल जावा कंपनीच्या गाड्यांत किक आणि गिअर एकाच दांड्याचे. आत दाबून वर फिरवला की किक, सुरू झाल्यावर पुन्हा खाली आणला की गिअर. शिवाय गिअरचा दांडा दाबतानाच क्लचही आपोआप सुटतो, हात लावला नाही तरी चालतं. पाहणाऱ्याला जादू वाटते, नवख्याला गोंधळ. पण जावाची खरी गोम तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात आहे. तिला वेगळं इंजिन ऑइल नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच पिस्टनला वंगण देतं. याचा अर्थ अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोलबरोबर तेलही बंद. घाटाच्या उतारावर वेगात असलेली गाडी बंद अ‍ॅक्सिलरेटरवर, इंजिनाच्या ब्रेकवर उतरवली, तर पिस्टन कोरडाच वरखाली धावत राहतो. नव्या बोअरला हे अजिबात सहन होत नाही. म्हणून पुणेकराने पहिल्याच रविवारी जावा घेऊन लोणावळ्याच्या खाली खंडाळ्याचा घाट उतरू नये. उतरावाच लागला तर मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यावी, तेलाचा एक घोट आत जाऊ द्यावा.

पुन्हा बुलेटकडे. पहिली फेरी वीस किलोमीटरची पुरते, आणि ती घराभोवती घिरट्या घालत मारलेली बरी. दहा जाऊन दहा परत यायचं, तर अगदी लांब असताना बंद पडते, असा अनुभव सगळेच सांगतात. चार-पाच किलोमीटरच्या वळशात फिरलं की ढकलत घरी येता येतं. रस्ता फार रिकामा नको, फार गर्दीचा तर नकोच. खिशात फोन, डिकीत एक प्लग, प्लगचा पाना, थोडी तार, इन्सुलेशन टेप, क्लचची केबल. ब्रिटिश मापाचे नट असतील तर साधे मिलिमीटरचे पाने त्यांची कडा गोल करतात, हे ध्यानात ठेवून त्या मापाचे दोन पाने घ्यावेत. हेल्मेट अर्थातच. जुन्या गाडीवर जुन्या काळासारखं उघड्या डोक्याने बसायची हौस काहींना असते. एकेकाळी ब्रिटिश सैन्यात असलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये आपल्या ब्रफ सुपीरिअर मोटरसायकलवरून पडून डोक्याच्या मारामुळे गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते, आणि पुढे मोटरसायकलस्वार सैनिकांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून हेल्मेटची गरज त्यांनीच आकड्यांनी पटवून दिली. तेव्हा जुना काळही अंती हेल्मेटपाशीच येऊन थांबला होता.

निघाल्यावर पहिल्या दोनशे मीटरमध्ये ब्रेक. ड्रममध्ये नवे शू बसवलेले असतात तेव्हा लायनरचा गोलवा आणि ड्रमचा गोलवा तंतोतंत जुळत नाहीत. शूचा एखादा भागच ड्रमला टेकतो. म्हणून नवा ब्रेक हा जुन्यापेक्षा कमी पकडतो, ही गोष्ट अनेकांना उलटी वाटते. चाळीसवरून वीसवर, पुन्हा चाळीस, पुन्हा वीस, मध्ये ड्रम थंड व्हायला वेळ, असं दहा-पंधरा वेळा केलं की लायनर घासून जागेवर येतं. तोवर पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर. चाळीसच्या वेगातल्या गाडीला थांबवायला वीसच्या चौपट ऊर्जा ड्रमने गिळावी लागते, हे एवढं गणित मनात असलं की हात आपोआप सावध होतो. जुने लायनर बदलले असतील तर त्यांची धूळ हवेने फुंकून काढलेली नसावी. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे.

वेगाचं काय? ‘रनिंगमध्ये आहे, चाळीसच्या वर नेऊ नको’ हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. अर्धा बरोबर. बोअर करून झाल्यावर सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ओढतात. त्यांत तेल धरलं जातं आणि त्यांच्या टोकांवर नव्या रिंगा घासून आपला आकार घेतात. रिंग भिंतीला दाबली जाते ती मुख्यतः स्वतःच्या ताणाने नव्हे, मागून येणाऱ्या वायूच्या दाबाने. म्हणजे इंजिनावर थोडा भार हवाच. फार लाडाकोडाने, चौथ्या गिअरमध्ये पंचवीसच्या वेगाने गाडी घुमवत नेली तर दोन्हीकडून नुकसान. रिंगा बसत नाहीत, भिंतीवर तेल भाजून काचेसारखा गुळगुळीत थर चढतो, आणि कमी फेऱ्यांवर जास्त भार घेतल्याने बिग एंडचा बुश मार खातो. पन्नासच्या आत राहायचं, पण गिअर खालचा ठेवायचा, वेग एकसारखा न ठेवता वाढवायचा-सोडायचा, आणि चढावर इंजिन कुंथू लागण्याआधी गिअर उतरवायचा. तेल साधं खनिज, २०डब्ल्यू-५०. महागडं सिंथेटिक इतकं निसरडं की रिंगा बसायला फारच वेळ घेतात, असं बहुतेक जुन्या मिस्त्रींचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

कान उघडे ठेवावेत, पण प्रत्येक आवाजाला घाबरू नये. बुलेटच्या टॅपेटची टिकटिक थोडी असणारच; थंड इंजिनावर पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये, एवढं जमवलेलं असलं की पुरे. घाबरायचं ते शांततेला. इंजिन नेहमीसारखं धडधडतंय, आणि अचानक कोणीतरी मागून गाडी धरल्यासारखा जोर कमी झाला, आवाज बसला, तर तोच क्षण पिस्टन चिकटायला लागल्याचा. विचार न करता क्लच. डावा हात. मग बाजूला घ्या, बंद करा, अर्धा तास हात लावू नका. यासाठी पहिल्या फेरीत दोन बोटं कायम क्लचच्या दांड्यावर ठेवायची सवय चांगली. हे काम कोणत्याही मीटरपेक्षा बोटं लवकर करतात.

परत आल्यावर गाडी धुवायची नाही. कोरडा पुठ्ठा खाली टाकायचा आणि तासाभराने कुठे किती थेंब पडले ते बघायचं. पुठ्ठ्यावरचा नकाशा हा गळतीचा सगळ्यात स्वस्त अहवाल. प्लग काढून बघावा. काळा, काजळी धरलेला म्हणजे मिश्रण जड. पांढराफटक म्हणजे पातळ, आणि लगेच थांबावं लागेल असं. विटकरी-भुरकट आला तर जेट जमला. नव्याने विणलेल्या चाकांच्या तारा पहिल्या फेरीत जागा घेतात आणि सैल होतात. एकेका तारेवर पान्याने टिचकी मारत जावं, जी ‘भद्द’ वाजेल ती आवळायची. चेन ताणली गेलेली असते. हेडचे नट मात्र गरम असताना अजिबात आवळू नयेत. रात्रभर थंड होऊ द्यावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्रमाने, तिरप्या जोड्यांनी. त्यानंतर टॅपेट पुन्हा बघायचे, कारण हेड खाली बसलं की त्यांचं अंतर बदलतं.

टेस्टरच्या कामात कागदपत्रही येतात. साध्या नोंदणीची गाडी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नव्याने नोंदवता येते आणि मग रोज चालवायलाही हरकत नाही. विमा आणि पीयूसी चालू हवं. मात्र २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेजची वेगळी नोंदणी आणली. नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, नूतनीकरणाची पाच हजार, मुदत दहा वर्षं. या नंबरावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. रनिंग करायला काही शे किलोमीटर तर हवेतच. म्हणून रनिंग आधी साध्या नोंदणीवर पूर्ण करावं आणि नंतर व्हीएचा विचार करावा, हे मला जास्त व्यवहार्य वाटतं. नाहीतर सुंदर नंबरपाटीची गाडी, आतल्या रिंगा मात्र अजून न बसलेल्या, असं व्हायचं.

तीनशे ते पाचशे किलोमीटरला पहिलं तेल बदलायचं, गरम असताना, पांढऱ्या रंगाच्या तसराळ्यात. उन्हात धरलं की त्यात चंदेरी झाक दिसते. ती घासून बसलेल्या रिंगांची आणि टायमिंगच्या गिअरांची, नेहमीची. डोळ्याला वेगळे दिसणारे कण असतील तर लोहचुंबक फिरवावा. चिकटले तर ते पोलादाचे, टायमिंगच्या गिअरचा दात किंवा एखादा बेअरिंग बोलतोय. न चिकटणारे चंदेरी म्हणजे पिस्टन घासतोय, न चिकटणारे पिवळसर म्हणजे कुठला तरी पितळी बुश. झाक असेल तर नवं तेल भरा, वेग साठपर्यंत न्या. कण असतील तर इंजिन पुन्हा उघडा, मग दसरा परवावर आलेला असला तरी.